पुसलेलं एक अक्षर

2009 साली एका नाणेप्रदर्शनात मी अकरा काळपट तांब्याची नाणी विकत घेतली. करूरजवळ अमरावती नदीच्या पात्रात सापडलेली, असं विक्रेता म्हणाला. नाणी अंगठ्याच्या नखाएवढी, वर मातीचा घट्ट थर. बँकेतली नोकरी सांभाळून ब्राह्मी लिपीतली सातवाहन नाणी वाचायला मी स्वतःच शिकलो होतो. रोमन अक्षरं तर शाळेपासून येतात, मग अडचण कसली? घरी आलो आणि देवाची भांडी घासावीत तशी नाणी चिंचेने घासली.

भारतातली रोमन नाणी म्हटलं की ऑगस्टस आणि टायबेरियस यांची चांदीची नाणी आठवतात. ती पहिल्या शतकातली. चौथ्या-पाचव्या शतकात मात्र तमिळनाडूत आणि श्रीलंकेत आली ती ही चिल्लर. श्रीलंकेत तर तिच्या नकलाही पाडल्या गेल्या. झिजलेली, कमी किमतीची, म्हणून संग्राहकांनी तिच्याकडे फारसं पाहिलं नाही.

ही नाणी ओळखताना नवखा माणूस आधी चेहरा पाहतो. तिथेच फसतो. चौथ्या शतकात सम्राटांचे चेहरे साच्यातले झाले होते. नावांचीही तीच गत. कॉन्स्टंटाईनच्या गादीवर आलेले त्याचे तीन मुलगे म्हणजे दुसरा कॉन्स्टंटाईन, कॉन्स्टँटियस आणि कॉन्स्टन्स. नाण्याचा काठ झिजला की हातात उरतं नुसतं ‘कॉन्स्टान’.

म्हणून नाणं उलटं करायचं. माझ्या एका नाण्यावर मागे दोन सैनिक समोरासमोर उभे आहेत आणि मध्ये ध्वज आहे. ‘ग्लोरिया एक्सर्सितुस’, म्हणजे सैन्याची कीर्ती, हा तो प्रकार. इथे ध्वज मोजायचे. दोन असतील तर नाणं साधारण 330 ते 335 मधलं, एक असेल तर 335 ते 341 मधलं. नाण्याचं वजनही या काळात अडीच ग्रॅमच्या आसपासवरून दीड ग्रॅमच्या आसपास उतरलं होतं. माझ्या नाण्यावर ध्वज एकच, वजन 1.6 ग्रॅम. नावाशेजारी सम्राटपदाची ‘ऑग’ ही अक्षरं दिसतात. पण बाप मे 337 मध्ये वारला आणि मुलगे त्याच वर्षी सप्टेंबरात सम्राट झाले, त्यामुळे हे नाणं चौघांपैकी कोणाचंही असू शकतं. नाव हुकलं, तरी चित्राने सहा-सात वर्षांचा काळ हाती दिला.

उरली टांकसाळ. सैनिकांच्या पायांखालच्या रेघेखाली तिची खूण असते. कार्सन, हिल आणि केंट यांच्या 1960 सालच्या ‘लेट रोमन ब्रॉन्झ कॉइनेज’मध्ये टांकसाळींप्रमाणे नाणी लावलेली आहेत. माझ्या नाण्यावर ‘एस एम ए’ ही तीन अक्षरं स्पष्ट आहेत. पुढचं अक्षर ‘एन’ असेल तर टांकसाळ सिरियातल्या अँटिऑकची, ‘एल’ असेल तर इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाची. ते अक्षर आता नाही. तिथे चकचकीत तांबं आहे. घासताना मला त्याचाच आनंद झाला होता.

एका अक्षराने व्यापाराचा मार्ग सिद्ध झाला नसता, हे खरं. साम्राज्यात सगळ्या टांकसाळींची नाणी मिसळूनच फिरत. पण एका ठिकाणच्या शेकडो नाण्यांमध्ये कोणत्या टांकसाळीची किती, हे मोजलं तरच ही चिल्लर कोणत्या बाजारांतून गोळा झाली, याचा अंदाज बांधता येतो. त्या मोजणीतलं एक नाणं मी बाद केलं. ते करूरचंच होतं, यालाही विक्रेत्याच्या शब्दापलीकडे पुरावा नाही. म्हणजे या नाण्याचे दोन पत्ते हरवले. एक नदीतून काढणाऱ्याने हरवला, दुसरा मी.

उरलेली दहा नाणी मी तशीच ठेवली आहेत. कधीतरी एखादं शुद्ध पाण्यात भिजवतो, लाकडी काडीने माती सैल करतो, आणि हिरवा थर लागला की थांबतो. त्यांतल्या चारांवर अजून काहीच वाचता येत नाही. वहीत त्यांच्यापुढे फक्त वजन आणि व्यास लिहिला आहे. घासलेल्या नाण्यापुढे लिहिलं आहे: ‘एस एम ए’, पुढे एक रिकामी चौकट, आणि कंसात ‘अक्षर माझ्या हातून गेलं’.