‘इच्छन्तिक’ : एका शब्दाचा अर्थ आणि इतिहास

महायान परंपरेच्या महापरिनिर्वाणसूत्रात ‘इच्छन्तिक’ हा शब्द वारंवार येतो. ज्याची कुशलमुळे समूळ उच्छिन्न झाली आहेत आणि ज्याला उपदेशाचा कोणताही लाभ होणे नाही, अशा मनुष्यास ही संज्ञा लावलेली आहे. कितीही पाऊस पडला तरी भाजलेले बी अंकुरत नाही, तसा तो होय.

‘इष्’ धातूच्या ‘इच्छति’ या रूपावरून हा शब्द साधला जातो. म्हणून ‘वासनेच्या आहारी गेलेला’ असा त्याचा अर्थ केला गेला. परंतु शास्त्रग्रंथांत ‘इच्छति’ म्हणजे ‘मानतो, प्रतिपादितो’ असाही अर्थ आहे. त्यावरून सेइशि काराशिमा या जपानी विद्वानांनी २००७ मध्ये ‘स्वतःस अर्हत वा प्रमाण म्हणविणारा’ असा अर्थ सुचविला. तो स्वीकारल्यास, नव्या सूत्रास बुद्धवचन न मानणाऱ्या प्रतिष्ठित भिक्षूंकडे या शब्दाचा रोख दिसतो. म्हणजेच ‘असाध्य’ ठरविला गेला तो वादातील प्रतिपक्ष!

चीनमध्ये या शब्दाची कसोटी लागली. फाहियानने भारतातून नेलेल्या पोथीचे सहा खंडांचे भाषांतर इ. स. ४१८ मध्ये पूर्ण झाले. त्यानुसार सर्व प्राण्यांत बुद्धत्वाचे बीज आहे; अपवाद केवळ इच्छन्तिकाचा. भिक्षू दाओशेङ यांना हा अपवाद पटेना. इच्छन्तिकही बुद्ध होऊ शकेल, असे त्यांनी प्रतिपादिले आणि इ. स. ४२८च्या सुमारास राजधानीतील संघाने त्यांना बहिष्कृत केले. पुढे धर्मक्षेमाने इ. स. ४२१ मध्ये पूर्ण केलेले चाळीस खंडांचे भाषांतर राजधानीत पोचले. त्याच्या उत्तर भागात इच्छन्तिकालाही बुद्धत्वाचा अधिकार दिलेला आढळला आणि दाओशेङ यांचे म्हणणे खरे ठरले.

पालि तिपिटकात ‘इच्छन्तिक’ नाही. पुग्गलपञ्ञत्तीतील चार पुद्गलांत शेवटचा ‘पदपरम’ आहे. पुष्कळ ऐकून आणि पाठ करूनही त्याला धम्माचा साक्षात्कार होत नाही. मात्र ‘त्या जन्मात’ होत नाही, एवढेच तेथे म्हटले आहे. संघभेद करणारा देवदत्तही दीर्घकाळानंतर प्रत्येकबुद्ध होईल, असे मिलिन्दपञ्हात नागसेन सांगतात.

बी भाजलेले आहे हे पाहणाऱ्याने ठरविलेले असते. दाओशेङ यांनी ग्रंथाधार हाती येण्यापूर्वीच हे ओळखले होते.