घरातली फिरंग : खरी कशी ओळखावी?



खंडेनवमीला आपल्या वाळूजच्या कारखान्यांत यंत्रांची पूजा होते, तर गावाकडच्या जुन्या घरांत पिढीजात तलवारीची. टूलरूममध्ये नोकरी केल्याने लोखंड निरखण्याची सवय लागली आणि तीच मला जुन्या शस्त्रांकडे घेऊन गेली. आपल्यापैकी काही जण घरच्या तलवारीचे फोटो पाठवून ‘खरी आहे का?’ असे विचारतात. त्यांच्यासाठी हा लेख.

मराठ्यांच्या तलवारींत ‘फिरंग’ मानाची. तिचे सरळ, लांब पाते युरोपातून समुद्रमार्गे येई आणि मूठ इथले कारागीर चढवत. जर्मनीतले सोलिंगेन आणि इटलीतले जिनोआ ही पात्यांसाठी नावाजलेली ठिकाणे. धावता लांडगा ही सोलिंगेनची खूण, तर पापणीसारख्या दातेरी कमानी ही जिनोआची. या खुणांना बाजारात भाव होता, म्हणून आपले लोहारही त्या पात्यावर ठोकत. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी कुकरीवर कारखान्याची खूण आणि साल सापडते, तसे इथे नसते. नुसत्या खुणेवरून पाते परदेशी ठरत नाही. आणि ते देशी निघाले म्हणून नवेही ठरत नाही.

मग पाहायचे काय? आधी मुठीचा जोड. जुन्या मुठीत पाते लाखेने पक्के केलेले असते. तिथे आजचा चिकट गोंद किंवा वेल्डिंग दिसले तर सावध व्हावे. पण मुठी पूर्वीही बदलल्या जात, त्यामुळे केवळ नव्या मुठीवरून पाते खोटे म्हणू नये. मग झीज पाहावी. खरी झीज एकसारखी नसते. ग्राइंडरचे समांतर ओरखडे आणि आम्लात बुडवून आणलेला सारखा काळेपणा तर आपल्या वाळूजच्या पोरांना सांगायलाच नको!

लेख असेल तर तो शब्दशः उतरवून घ्यावा. लंडनच्या लिलावातून राज्य सरकारने सुमारे ४७ लाख रुपयांना घेतलेली रघुजी भोसले यांची तलवार ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबईत आली. तिचे पाते युरोपीय. पण त्यावर सोन्याने देवनागरीत नाव, ‘सेनासाहेबसुभा’ हे पद आणि ‘फिरंग’ हा शब्दही आहे.

उलट उदाहरण वाघनखांचे. जुलै २०२४ मध्ये ती साताऱ्याच्या संग्रहालयात आली. ग्रँट डफ साताऱ्यास होता १८१८ नंतर आणि अफझलखानाचा वध १६५९ चा. मधल्या दीडशेहून अधिक वर्षांचा पुरावा नाही. पेटीवरच्या इंग्रजी मजकुरात तर आदिलशाही सरदाराला मोगल सेनापती म्हटले आहे! म्हणूनच ती शिवरायांनीच वापरली, असे खात्रीने सांगता येत नाही, हे लंडनचे संग्रहालयही मान्य करते. श्रद्धा आपल्या जागी, पुरावा आपल्या जागी.

शेवटी कळकळीची विनंती. पूजेआधी तलवारीला पॉलिश पेपर, चिंच किंवा आम्ल लावू नका. तीनशे वर्षांची साक्ष दहा मिनिटांत जाते. मऊ कापडाने पुसून तेलाचा पातळ हात द्या. लांबी, वजन, फोटो आणि ती घरात कशी आली याबद्दलची आजोबांची हकिकत वहीत लिहून ठेवा. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावशेष ठरते आणि ती परदेशी विकता येत नाही. भंगाराच्या भावात मागणाऱ्याला देण्याआधी आपल्या शहरातले छत्रपती शिवाजी महाराज पुराणवस्तू संग्रहालय एकदा पाहून या. तिथली शस्त्रे पाहिली की घरच्या तलवारीकडे पाहण्याची नजर बदलेल.