१४. ‘दोघी बहिणींना एकच गोळी’
गोळी एकच असली तरी आजार दोन आहेत. थोरलीला कंपवात (पार्किन्सन), धाकटीला ‘रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम’. एकीचा आजार वाढून दुसरीसारखा होईल, असा अर्थ वाचकाने काढू नये. दोन्हींचा संबंध मेंदूतील डोपामिन या रसायनाशी आहे, एवढेच साम्य.

कंपवातात मध्यमेंदूतील डोपामिन बनवणाऱ्या पेशी मरत जातात. हालचाल मंदावते, अक्षर बारीक होते, चालताना एक हात हलेनासा होतो. सर्पगंधेतील, मेंदूतले डोपामिन घटवणारे रेसरपिन टोचल्यावर निपचित पडलेले ससे लेव्होडोपा देताच पुन्हा हालचाल करू लागतात, हे आर्विद कार्लसन यांनी १९५७ साली दाखवले. २००० साली त्यांना नोबेल मिळाले. डोपामिन रक्तातून मेंदूत शिरत नाही. लेव्होडोपा शिरते आणि तिथे त्याचे डोपामिन होते.

धाकटीच्या आजारात या पेशी अशा मरत नाहीत. मेंदूतील लोहाची कमतरता आणि डोपामिनच्या कामातील बिघाड ही त्याची मुख्य कारणे मानली जातात. अंथरुणाला पाठ टेकताच पाय वळवळतात, उठून चार पावले टाकली की बरे वाटते. म्हणून अशा रुग्णाचे रक्तातील फेरिटिन (लोहसाठ्याचे माप) आधी तपासायला हवे. डोपामिनवर्गीय गोळी वर्षानुवर्षे घेतल्यास हाच त्रास दुपारपासून सुरू होऊन हातांतही पसरू शकतो. त्यामुळे घरातल्या एकाची गोळी दुसऱ्याने परस्पर घेऊ नये, आणि चालू गोळी एकाएकी बंदही करू नये. — संपा.