प्रवर समिती (मुंबई कायदे कौन्सिल, एकोणिसावे शतक)

प्रवर समिती (तत्कालीन प्रचारात ‘सिलेक्ट कमिटी’) ही मुंबई इलाख्याच्या कायदे कौन्सिलात एखाद्या विधेयकाची कलमवार छाननी करण्यासाठी नेमली जाणारी तात्पुरती समिती होती. अमेरिकेतील राज्यांच्या विधिमंडळांत विषयवार स्थायी समित्या असत. मुंबईत मात्र विधेयकागणिक वेगळी समिती नेमली जाई व अहवाल सादर होताच तिचे काम संपे.

पार्श्वभूमी

१८६१ च्या इंडियन कौन्सिल्स अ‍ॅक्टनुसार गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळात कायदे करण्यापुरते अ‍ॅडव्होकेट जनरल आणि ४ ते ८ नामनियुक्त सभासद मिळवण्यात आले. त्यांपैकी किमान निम्मे बिनसरकारी असावेत, असा दंडक होता. या कौन्सिलाची पहिली बैठक २२ जानेवारी १८६२ रोजी मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये भरली. जगन्नाथ शंकरशेट हे आरंभीच्या हिंदी सभासदांपैकी होते. सभासदांना प्रश्न विचारण्याचा वा अंदाजपत्रकावर बोलण्याचा अधिकार १८९२ पर्यंत नव्हता. त्यामुळे समोर आलेले विधेयक हाच त्यांच्या कामाचा एकमेव विषय असे.

कार्यपद्धती

विधेयकाच्या पहिल्या वाचनात त्याच्या तत्त्वाची चर्चा होई. ते संमत झाल्यास विधेयक प्रवर समितीकडे सोपवले जाई. समितीत विधेयक मांडणारा सरकारी सभासद, अन्य अधिकारी आणि काही बिनसरकारी सभासद असत. विधेयक सरकारी गॅझेटात प्रसिद्ध होई व देशी भाषांत त्याची भाषांतरेही केली जात. जिल्हाधिकारी, नगरपालिका, व्यापारी संस्था व सार्वजनिक सभांकडून आलेले अभिप्राय समितीपुढे ठेवले जात. समितीला विधेयकाचे मूळ तत्त्व बदलता येत नसे. पण कलमांचे शब्द, अपवाद, दंडाची मर्यादा आणि अधिकाऱ्यांचे अधिकार यांत तिला फेरफार सुचवता येत. न पटलेला सभासद अहवालाला भिन्नमतपत्रिका जोडू शके. दुसऱ्या वाचनात अहवालावर कलमवार चर्चा होई, तिसऱ्या वाचनानंतर गव्हर्नर व गव्हर्नर जनरल यांची संमती लागे.

समितीच्या बैठका खासगी असत. छापील कामकाजात दिसतो तो अहवाल आणि नंतरची भाषणे. कोणत्या कलमासाठी कोणी आग्रह धरला, हे त्यावरून क्वचितच उमगते. पुढील अभ्यासकांना ही मोठीच अडचण ठरली आहे. बिनसरकारी सभासदांच्या दृष्टीने मात्र हाच टप्पा महत्त्वाचा होता, कारण कौन्सिलात मतदान झाल्यास सरकारी बहुमत ठरलेले असे.

मुंबई महानगरपालिका कायदा, १८८८

समितीस्तरावरील कामाचे ठळक उदाहरण म्हणून या कायद्याकडे पाहिले जाते. काशिनाथ त्र्यंबक तेलंग आणि फिरोजशहा मेहता हे दोघेही त्या वेळी कौन्सिलाचे सभासद होते. लॉर्ड रे यांच्या कारकिर्दीत आलेल्या या विधेयकात आयुक्ताचे अधिकार आणि त्यावरील कॉर्पोरेशनचे नियंत्रण हा वादाचा गाभा होता. अंतिम कायद्यात ७२ सभासदांचे कॉर्पोरेशन ठरले. त्यांत ३६ करदात्यांनी निवडलेले व १६ सरकारनियुक्त होते. अनेकदा दुरुस्त झालेला हा कायदा आजही लागू आहे.

मर्यादा

जमीन महसूल कायद्यातील १९०१ च्या दुरुस्तीने या पद्धतीचे दुबळेपण उघड केले. सरकारजमा झालेली जमीन हस्तांतराला बंदी घालून पुन्हा देण्याची त्यात तरतूद होती. सावकारापासून रयतेचे रक्षण हा सरकारने सांगितलेला हेतू. तर रयत सरकारची कूळ बनेल व तिची पत बुडेल, हा विरोधकांचा आक्षेप. विधेयक लांबणीवर टाकून लोकमत अजमावावे, ही मेहतांची सूचना सरकारी बहुमताने फेटाळली. तेव्हा मेहता, गोपाळ कृष्ण गोखले व आणखी काही हिंदी सभासद सभात्याग करून निघून गेले.

कोल्हापूर संस्थान

कौन्सिलाचे कायदे सातारा व बेळगाव जिल्ह्यांना लागू होत. त्यांना लागून असलेल्या कोल्हापूर संस्थानाला ते आपोआप लागू होत नसत. देशी राज्यांशी असलेल्या संबंधांविषयीचे विधेयक गव्हर्नर जनरलच्या पूर्वसंमतीविना मांडताही येत नसे. बालपणी कोल्हापुरात शिकलेले न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १८८५ मध्ये मुंबई कौन्सिलाचे सभासद झाले, पण ज्या गावी त्यांचे शिक्षण झाले, ते या कौन्सिलाच्या अधिकारक्षेत्राबाहेरच होते. संस्थानात दरबारच्या हुकुमालाच कायद्याचे बळ असे. मागासलेल्या वर्गांसाठी नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखणारा शाहू महाराजांचा २६ जुलै १९०२ चा आदेश असाच, विधेयक वा समितीविना, संस्थानाच्या गॅझेटातून अमलात आला. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि कोल्हापूर प्रथमच मुंबई विधिमंडळाच्या कक्षेत आले.