औंध : विकास व निसर्गसंवर्धन

सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यातील गाव. पूर्वीच्या औंध संस्थानाची राजधानी. संस्थानाचा मुलूख विखुरलेला होता. त्यातील आटपाडी, कुंडल आज सांगली जिल्ह्यात आहेत. औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधींच्या आश्रयाने उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये कुंडलजवळच्या निवडुंगाच्या माळावर कारखाना व वसाहत उभारली : तीच किर्लोस्करवाडी. 1948 मधील संस्थानाच्या विलीनीकरणानंतर या पर्जन्यछायेतील पट्ट्यात खरा प्रश्न पाण्याचाच राहिला. त्यावर उपाय म्हणून रोजगार हमी योजनेतून बांधबंदिस्ती झाली. 2014 च्या अखेरीस राज्य शासनाचे जलसंधारणाचे जलयुक्त शिवार अभियान आले; त्यात नाला खोलीकरणाचा अतिरेक झाल्याची टीका रास्तच होती. टेंभू उपसा सिंचन योजनेने कृष्णेचे पाणी उचलून आटपाडीच्या माळापर्यंत नेले. पण पाण्यामागून ऊस येतो, आणि उपशाला वीजही भरपूर लागते. निसर्गसंवर्धनाच्या बाजूने पाहता, खटाव तालुक्यातीलच मायणी तलाव परिसर पक्षी संवर्धनासाठी राखीव आहे.