'हरकत' म्हणजे गती : औरंगाबाद आणि भौतिकशास्त्राची भाषा

१/ ऊष्मागतिकीला उर्दूत 'हर-हरकियात' म्हणतात. 'हर' म्हणजे उष्णता, 'हरकत' म्हणजे गती. मराठीत मात्र 'हरकत' म्हणजे आडकाठी. मराठवाड्यातील विज्ञानशिक्षणाच्या इतिहासाला हे दोन्ही अर्थ लागू पडतात.

२/ हैदराबाद संस्थानात १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. त्याचे माध्यम उर्दू. भौतिकशास्त्र, रसायन, गणिताचे ग्रंथ उर्दूत आणण्यासाठी १९१७ मध्येच भाषांतर विभाग उभारला गेला. ब्रिटिश अमलातील विद्यापीठे इंग्रजीतून शिकवत असताना हे धाडस असाधारण होते.

३/ या प्रयत्नात औरंगाबादचे स्थान मोठे. भाषांतर विभागाचे पहिले प्रमुख मौलवी अब्दुल हक पुढे येथील इंटरमीजिएट कॉलेजचे प्राचार्य झाले. हे कॉलेज १९२३ चे. त्यांच्या अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे केंद्रही तेव्हा याच शहरात होते. १९२८ मध्ये संस्थेने 'सायन्स' हे उर्दू त्रैमासिक काढले.

४/ कॉलेज सुरू झाल्याच्या पुढच्याच वर्षी, १९२४ मध्ये, ढाक्याच्या सत्येंद्रनाथ बोस यांनी सांख्यिकीय यामिकीला नवे वळण दिले. असंख्य कणांच्या मांडण्या मोजणे हा या शास्त्राचा पाया. प्रकाशाच्या दोन सारख्या कणांची अदलाबदल केल्याने नवी मांडणी होत नाही, असे धरून त्यांनी प्लांकचा नियम सिद्ध केला. आइन्स्टाइनने तो निबंध स्वतः जर्मनमध्ये अनुवादित केला.

५/ पण औरंगाबादच्या वर्गातील मराठीभाषक विद्यार्थ्याला उष्णतेचे नियम समजण्याआधी उर्दू परिभाषा आत्मसात करावी लागे. एकाची गती ती दुसऱ्याची आडकाठी होती.

६/ १९४८ मध्ये बोस यांनी मातृभाषेतून विज्ञान पोहोचवण्यासाठी कलकत्त्यात बंगीय विज्ञान परिषद स्थापली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये निजामाची राजवट संपली. पुढे उस्मानियात उर्दूची जागा इंग्रजीने घेतली. मराठीच्या वाट्याला ती आली नाही.

७/ डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये येथे महाविद्यालय काढले. तेच मिलिंद महाविद्यालय. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले. उच्च शिक्षणासाठी हैदराबाद गाठण्याची सक्ती संपली आणि ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या शाळेचा उंबरठाही बंद होता, त्यांना प्रयोगशाळेचे दार उघडले.

८/ भाषेचे अंतर मात्र उरले. 'ऊष्मागतिकी' हा शब्द मराठी कोशात आहे, एम. एस्सी.चा वर्ग इंग्रजीत चालतो. उर्दूचा प्रयोग एक गोष्ट सिद्ध करून गेला : शास्त्रासाठी भारतीय भाषा अपुरी नसते. अपुरा पडतो तो तिच्यामागे उभा राहणारा भाषांतर विभाग.