दोन तालमी

आमच्या शाळेत ‘तालीम’ म्हटले की मुले पाटी-दप्तर समजतात. ‘तालीम हासिल करो’ हे वाक्य उर्दू माध्यमाच्या प्रत्येक शाळेच्या कुठल्या तरी भिंतीवर असतेच. पण फर्दापूरच्या बाजारात मराठी बोलणाऱ्या एखाद्या म्हाताऱ्याला विचारा, तो म्हणेल, तालीम म्हणजे जिथे लाल माती असते, लंगोट बांधून जोर काढतात ती जागा. शब्द एकच, अरबीतून आलेला. उर्दूने त्यातला ग्रंथ ठेवला आणि मराठीने मल्ल. पैलवान, कुस्ती, वस्ताद हेही सारे फारसीच्या वाटेने आलेले. आमच्या गावच्या मोगलकालीन सरायीत जसे वाटसरू उतरत, तसे हे शब्द मराठीत उतरले आणि इथलेच झाले.

महाविद्यालयात मी कबड्डी खेळलो. आंतरमहाविद्यालयीन सामन्यांपलीकडे मजल गेली नाही, पण आमच्या आधीचे दोघे-तिघे विद्यापीठाच्या संघात खेळले होते. त्यांची नावे जिमखान्याच्या लाकडी फळ्यावर पांढऱ्या अक्षरांत होती. बी.एड. झाल्यावर काही कामाने तिकडे गेलो, तर इमारतीला नवा रंग आला होता आणि फळा गेला होता. शिपायाला विचारले, त्यालाही ठाऊक नव्हते. प्राचार्यांच्या नावांचा फळा मात्र जागेवर होता. तेव्हापासून एक प्रश्न मनात आहे : शिकता शिकता खेळलेल्यांचा मान कोण राखतो, आणि कधी?

विद्यापीठांचा मान राखण्याची सोय देशात फार आधी झाली. 1956-57 साली मौलाना अबुल कलाम आझाद करंडक सुरू झाला. कुठल्याही एका खेळासाठी तो नव्हता. विद्यापीठाची सर्व खेळांमधली कामगिरी मोजून तो देण्याची ही पद्धत. मौलाना त्या वेळी शिक्षणमंत्री होते. कुराणाचा भाष्यकार, ‘अल-हिलाल’चा संपादक, आणि नाव खेळाच्या करंडकावर! काहींना हे विसंगत वाटते. मला वाटत नाही. तालीम या शब्दाचे दोन्ही अर्थ त्या करंडकावर एकत्र आले, इतकेच. अमृतसरच्या गुरू नानक देव विद्यापीठाने तो सर्वाधिक वेळा नेला. पण करंडक विद्यापीठाच्या कपाटात राहतो. खेळाडू पदवी घेऊन घरी जातो. त्याचे पुढे काय?

काहींचे चांगले झाले. पुण्याच्या स. प. महाविद्यालयात संस्कृत शिकवणारे प्रा. दि. ब. देवधर 1926 साली एम.सी.सी.विरुद्ध 148 धावा काढून गेले, पन्नाशीच्या आसपास महाराष्ट्राला दोनदा रणजी करंडक मिळवून दिला. त्यांच्या हयातीतच 1973-74 पासून त्यांच्या नावाची स्पर्धा सुरू झाली. 1991 साली पद्मभूषण मिळाले, तेव्हा ते नव्याण्णव वर्षांचे होते. अलीगढचे झफर इक्बाल यांचे वडील तिथेच रसायनशास्त्राचे प्राध्यापक. मुलगा विद्यापीठाच्या मैदानावर हॉकी खेळला, 1980 साली मॉस्कोचे सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघात होता, 1984 च्या ऑलिंपिकमध्ये कर्णधार झाला. 1983 साली अर्जुन, 2012 साली पद्मश्री. उशिरा का होईना, पण माणसाच्या हातात पडले.

आणि खाशाबा जाधव?

कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मुलगा, जन्म 15 जानेवारी 1926. वडील पैलवान. कराडच्या टिळक हायस्कूलमधून तो कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात आला. म्हणजे आखाड्यातून थेट ऑलिंपिकला गेलेला अडाणी मल्ल, अशी जी समजूत आहे ती खोटी. तो महाविद्यालयाचा विद्यार्थी होता आणि दोन्ही तालमींतून गेला होता. 1948 च्या लंडन ऑलिंपिकला जाण्याचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला. त्याआधी मातीवर कुस्ती खेळणारा हा पोरगा तिथे गादीवर फ्लायवेट गटात सहावा आला.

1952 च्या हेलसिंकीच्या वेळी पैसे नव्हते. गावोगाव वर्गणी झाली, दुकानदारांनी दिले, तरी पुरेना. तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. शिक्षकी पेशात असल्यामुळे मला या जागी थांबावेसे वाटते. आज सहलीच्या बसचे भाडे कोणी भरायचे यावर स्टाफरूममध्ये तास तास चर्चा होते. त्या माणसाने एका विद्यार्थ्यावर घर लावले, आणि तोही हरण्याची शक्यता जास्त असलेला विद्यार्थी!

हेलसिंकीत खाशाबा 57 किलोच्या बँटमवेट गटात उतरला. जपानचा शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचा रशीद मम्मदबेयोव या दोघांशी तो हरला. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांतीचा नियम असताना त्याला ती मिळाली नाही, आणि त्याच्या वतीने भांडायला भारताचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता, असे सांगतात. इशीला सुवर्ण, रशीदला रौप्य, खाशाबाला कांस्य. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसऱ्यासाठी देशाला 1996 साली लिअँडर पेसची वाट पाहावी लागली, आणि महाराष्ट्राला 2024 साली कोल्हापूरच्याच स्वप्नील कुसळेची.

गावाने मान दिला. 151 बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. सरकारी मानाला मात्र वेळ लागला. 1955 साली खाशाबा पोलीस खात्यात उपनिरीक्षक झाले. अर्जुन पुरस्कार 1961 साली सुरू झाला. त्यानंतर खाशाबा तेवीस वर्षे जिवंत होते. त्या तेवीस यादींत त्यांचे नाव नाही. 14 ऑगस्ट 1984 रोजी रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. अर्जुन मिळाला 2000 साली, मरणोत्तर. 2010 साली दिल्लीच्या कुस्ती संकुलाला त्यांचे नाव दिले, आणि पुढे त्यांची जयंती राज्य क्रीडा दिन झाली. पद्म पुरस्कार अजून नाही. हयातीत नोकरीतली बढती आणि निवृत्तिवेतन यांसाठीही त्यांना झगडावे लागले, हे वाचताना लाज वाटते. मेलेल्या माणसाला चषक देणे सोपे. तो पुढचे काही मागत नाही.

गेल्या क्रीडा दिनाला मी सातवीच्या वर्गात ही हकिकत उर्दूतून सांगितली. आमच्या मुलांना धोनी माहीत, खाशाबा नाही. गावापासून शंभर किलोमीटरवर औरंगाबादला, आताच्या छत्रपती संभाजीनगरला, जन्मलेल्या इक्बाल सिद्दिकीने 2001 साली मोहालीला इंग्लंडविरुद्ध कसोटी खेळली आणि सलामीला जाऊन विजयाच्या धावा काढल्या, हेही कोणाला ठाऊक नव्हते. मुलांनी बैलगाड्यांवर टाळ्या वाजवल्या, अर्जुन पुरस्कारावर गप्प बसली. मग मागच्या बाकावरची एक मुलगी, जी शंभर मीटरमध्ये मुलांना मागे टाकते आणि आठवीनंतर जिला घरचे मैदानावर पाठवतील की नाही याची मला खात्री नाही, ती उभी राहिली.

“सर, प्रिन्सिपलसाहेबांचं घर सुटलं का?”

सुटले. खाशाबांनी परत आल्यावर कुस्त्यांचे फड भरवले, स्वतः लढले, आणि जमलेल्या पैशांतून ते घर सोडवून दिले.